शिलकी लष्करी रायफलींची किंमत : स्वस्ताई, टंचाई व ऐतिहासिक पुरावा

१. प्रश्नाचे स्वरूप

रशियाच्या झारशाही सैन्याने १८९१ साली स्वीकारलेली मोसिन-नागां रायफल एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील दुकानांतून ऐंशी ते शंभर डॉलरांस विकली जात असे. संगीन, खांद्याचा पट्टा, काडतुसांच्या पिशव्या व तेलाची डबी ही सामग्री बहुधा त्याच किमतीत मिळे. २०२० नंतरच्या वर्षांत त्याच प्रकारच्या आणि त्याच कारखान्यांतून निघालेल्या साधारण रायफलीस चारशे ते सहाशे डॉलर मोजावे लागू लागले. १९९० नंतरच्या दशकात चाळीस ते साठ डॉलरांस मिळणारी तुर्की माउझर, त्याच सुमारास शंभर डॉलरांच्या आत मिळणारी चिनी एस. के. एस. आणि २००० नंतरच्या काही वर्षांत शंभर-दीडशे डॉलरांस मिळणारी स्विस के-३१ यांच्या बाबतीतही असाच क्रम आढळतो.

संग्राहकांच्या वर्तुळात या वाढीचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात दिले जाते : माल संपत आला, मागणी वाढली, म्हणून भाव चढले. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मोसिन-नागां रायफली सर्व मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख तयार झाल्या. ली-एन्फील्ड रायफलींची संख्या १ कोटी ७० लाखांच्या घरात जाते, तर जर्मनीच्या माउझर ९८-के या प्रकाराची संख्या १ कोटी ४० लाखांहून अधिक भरते. एवढ्या विपुल प्रमाणात निर्माण झालेल्या वस्तूस 'दुर्मिळ' हे विशेषण सहज लावता येत नाही. तेव्हा विचारावयाचा प्रश्न उलट बाजूने विचारला पाहिजे. या रायफली महाग का झाल्या, याआधी त्या इतक्या स्वस्त का होत्या, हे पाहिले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही स्वस्ताई या वस्तूंची स्वाभाविक अवस्था नव्हती. सैन्यांची शस्त्रबदली, राज्यकर्त्यांचे धोरण आणि कायदा यांच्या विशिष्ट संयोगातून निर्माण झालेली ती एक ऐतिहासिक घटना होती, आणि तो संयोग मोडताच ती संपुष्टात आली. या घटनेचा इतिहासाच्या अभ्यासकाशी संबंध आहे तो मुख्यतः पुराव्याच्या दृष्टीने. रायफल हा लोखंड व लाकूड यांचा दस्तऐवज आहे. तो कोणत्या स्थितीत टिकतो हे बाजारातील त्याच्या किमतीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले आहे. या चर्चेचे क्षेत्र मुख्यतः अमेरिका हे आहे, कारण शिलकी रायफलींची सर्वांत मोठी खुली बाजारपेठ तेथेच होती. तथापि या बाजारपेठेत गेलेल्या रायफलींपैकी काही भारतातील होत्या, व त्यांचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

२. शिलकी शस्त्रांच्या व्यापाराचा उगम

शिलकी शस्त्रांचा व्यापार दुसऱ्या महायुद्धापासून सुरू झाला असा समज आढळतो, तो बरोबर नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर सरकारने लिलावात काढलेला लष्करी माल विकत घेऊन न्यूयॉर्क येथील फ्रान्सिस बॅनरमन याने या धंद्याचा पाया घातला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात हस्तगत झालेल्या स्पॅनिश शस्त्रसामग्रीचा फार मोठा भाग त्याने खरेदी केला. हा दारूगोळा शहरात ठेवणे शक्य नसल्यामुळे १९०० साली त्याने हडसन नदीतील पोलपेल बेट घेतले व तेथे किल्ल्याच्या आकाराची कोठारे बांधली. १९२० साली त्या बेटावरील दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, यावरून साठ्याचे प्रमाण ध्यानात यावे. बॅनरमनच्या पेढीच्या सचित्र किंमतसूच्या आज शस्त्रांच्या इतिहासाचे साधन मानल्या जातात.

या पहिल्या टप्प्यात एक नियम स्पष्ट दिसतो. सैन्य नवे शस्त्र स्वीकारते तेव्हा जुने शस्त्र एका दिवसात निरुपयोगी ठरते, परंतु ते मोडत नाही. त्याची साठवण, राखण व तेलपाणी यांवर खर्च चालू राहतो. त्यामुळे विकणाऱ्या राज्याच्या दृष्टीने त्याची किंमत उत्पादनखर्चाशी संबंधित राहत नाही. कोठार मोकळे करण्याच्या निकडीशी ती जोडली जाते. शिलकी शस्त्र स्वस्त असते याचे मूळ कारण हे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच क्रिया जगाच्या व्याप्तीवर घडली. एकेक गोळी झाडल्यावर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी रायफल ही १८९० ते १९४५ या काळात जवळजवळ प्रत्येक सैन्याचे मुख्य शस्त्र होती. युद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तिची जागा स्वयंचलित रायफलीने घेतली. एका संपूर्ण युगाचे शस्त्र एकाच वेळी सर्व देशांत कालबाह्य व्हावे, असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला होता. या प्रसंगाचा व्यापारी लाभ घेणाऱ्यांत सॅम्युअल कमिंग्ज हे नाव अग्रगण्य आहे. १९२७ साली जन्मलेल्या कमिंग्जने १९५३ मध्ये आपली कंपनी स्थापन केली. पुढे 'इंटरआर्म्स' या नावाने ती प्रसिद्धीस आली. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे पोटोमॅक नदीच्या काठी तिची गोदामे होती. युरोप व लॅटिन अमेरिका येथील शस्त्रागारांतून घाऊक खरेदी केलेल्या रायफली तेथून टपालाने अमेरिकेतील घरोघरी जात. मासिकांतील जाहिरातींत त्यांच्या किमती दहा, पंधरा, वीस डॉलर अशा असत.

३. पहिली स्वस्ताई व तिचा शेवट : १९५८ ते १९६८

परदेशी शिलकी रायफलींच्या या लोंढ्याने अमेरिकेतील बंदूक-कारखानदार अस्वस्थ झाले. हा उद्योग प्रामुख्याने मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट या राज्यांत एकवटलेला होता. १९५८ साली मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केनेडी यांनी लष्करी शिलकी शस्त्रांच्या आयातीस बंदी घालणारे विधेयक मांडले. ते त्या स्वरूपात संमत झाले नाही. अमेरिकेने परदेशांस मदत म्हणून दिलेली शस्त्रे परत आणण्यास मात्र त्याच वर्षी प्रतिबंध झाला. १९६१ पासून कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड यांनी या विषयाची चौकशी हाती घेतली. या आरंभीच्या हालचालींमागे लोकसुरक्षेच्या विचाराबरोबरच देशी उद्योगाच्या संरक्षणाचा हेतूही स्पष्ट होता, ही गोष्ट पुढील घटनांच्या गदारोळात विस्मरणात गेली.

मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्ड याने खोट्या नावाने शिकागो येथील एका दुकानातून टपालाने इटालियन बनावटीची कार्कानो रायफल मागवली. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा डॅलस येथे वध झाला. ज्या प्रकारच्या शस्त्राची आयात थांबविण्याचा प्रयत्न त्यांनी पाच वर्षांपूर्वी केला होता, त्याच प्रकारच्या शस्त्राने त्यांचा अंत व्हावा, हा योगायोग समकालीनांच्याही नजरेतून सुटला नाही. तथापि कायदा होण्यास आणखी पाच वर्षे लागली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यानंतर बंदूक-नियंत्रण कायदा संमत झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. आंतरराज्य टपालविक्री जवळजवळ बंद पडली, आणि लष्करी शिलकी बंदुकांची आयात थांबली.

पहिली स्वस्ताई अशा रीतीने कायद्याने संपली. माल संपल्यामुळे ती संपली नव्हती, कारण जगातील कोठारे तेव्हाही भरलेली होती. या मुद्द्याचे महत्त्व पुढील विवेचनात पुन्हा दिसून येईल.

४. दुसरी स्वस्ताई : १९८४ ते २०१४

१९८४ साली अमेरिकन काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली व 'कुतूहलाच्या व स्मृतिमूल्याच्या वस्तू' या वर्गात मोडणाऱ्या लष्करी बंदुका आणण्यास परवानाधारक आयातदारांना मोकळीक दिली. सामान्यतः पन्नास वर्षे जुनी व मूळ स्वरूपातील बंदूक या वर्गात येते. या दुरुस्तीपाठोपाठ पाच-सात वर्षांत पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या व सोव्हिएट संघ विसर्जित झाला. तिसऱ्या महायुद्धाच्या तयारीसाठी दुरुस्त करून, घट्ट वंगण चोपडून, पेट्यांत भरून ठेवलेल्या लाखो रायफली एकाएकी मालकाच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. नवोदित राज्यांना परकीय चलन हवे होते. एकीकडे उघडलेले दार आणि दुसरीकडे विकावयास उत्सुक असलेली कोठारे, या दोहोंच्या संयोगातून दुसरी स्वस्ताई जन्मास आली. आजचे बहुतेक संग्राहक जिला 'जुने दिवस' म्हणून संबोधतात ती हीच होय.

ही स्वस्ताई एका दिवसात संपली नाही. तिचे एकेक दार निरनिराळ्या कारणांनी बंद होत गेले. मे १९९४ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारी सवलतींचा प्रश्न निकालात काढताना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी चिनी बंदुका व काडतुसे यांची आयात थांबविली, एस. के. एस. चा मुख्य प्रवाह तेथेच आटला. १९९६ मध्ये रशियाबरोबर झालेल्या करारान्वये केवळ ठरावीक प्रकारच्या बंदुकाच येऊ शकत होत्या. मोसिन-नागां त्यांपैकी एक होती. २०१४ मध्ये क्रिमियाच्या प्रश्नावरून अमेरिकेने रशियावर निर्बंध लादले, आणि युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्याने तेथील कोठारेही व्यापारास अनुपलब्ध झाली. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीस नवे परवाने देणे अमेरिकेने बंद केले. रायफलीची किंमत काडतुसाच्या किमतीपासून अलग राहू शकत नाही. ४४० काडतुसांचा पत्र्याचा सीलबंद डबा स्वस्तात मिळे तोपर्यंत मोसिन-नागां ही गरिबाची रायफल होती.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. त्यानंतर दोनेत्स्क भागात सक्तीने भरती केलेल्या शिपायांच्या हाती मोसिन-नागां रायफली असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. 'शिलकी' ही संज्ञा किती सापेक्ष आहे याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. युद्ध आले की कोठारातील शिल्लक पुन्हा शस्त्र बनते, व बाजारातून नाहीशी होते.

मागणीच्या बाजूनेही काही कारणे कार्यरत होती. २०२० साली, कोविडच्या साथीच्या व राजकीय अस्वस्थतेच्या काळात, अमेरिकेतील बंदूक-खरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासण्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली. नव्या बंदुका महाग झाल्यावर जुन्याही त्यांच्या मागोमाग गेल्या. चित्रपट व संगणकीय खेळ यांतून या रायफलींची ओळख झालेली तरुण पिढीही याच सुमारास ग्राहक म्हणून पुढे आली.

तथापि या सर्वांहून खोल कारण शस्त्रबदलीच्या स्वरूपातच दडलेले आहे. १९४५ नंतर सैन्यांनी जी शस्त्रे स्वीकारली ती बहुतांशी पूर्ण स्वयंचलित आहेत. अशा शस्त्रांवर अमेरिकेत १९३४ पासून कडक नियंत्रण असून मे १९८६ नंतर बनलेली वा आयात झालेली स्वयंचलित शस्त्रे सामान्य नागरिकास मिळूच शकत नाहीत. म्हणजे आजची सैन्ये उद्या जी शस्त्रे टाकून देतील ती या बाजारात मूळ रूपात कधीही येणार नाहीत. यांपैकी कित्येक शस्त्रे वितळविली वा चिरडली जातात. एकट्या युक्रेनमध्ये १५ लाख लघुशस्त्रे नष्ट करण्याची योजना 'नाटो'च्या साहाय्याने २००५ नंतर हाती घेण्यात आली होती. बॅनरमनपासून चालत आलेली परंपरा अशा रीतीने खंडित झाली. जुन्या शिल्लक मालाची जागा घेणारा नवा शिल्लक माल उरला नाही. दुसऱ्या स्वस्ताईनंतर तिसरी येण्याचा संभव यामुळे फारच थोडा राहतो.

राज्याच्या निर्णयाचा प्रभाव किती प्रत्यक्ष असतो हे अमेरिकेच्या स्वतःच्या गॅरंड रायफलीवरून दिसते. १९३६ साली स्वीकारलेल्या या रायफली सुमारे ५४ लाख तयार झाल्या, व त्यांपैकी कित्येक मित्रराष्ट्रांस देण्यात आल्या. दक्षिण कोरियाने आपल्याकडील सुमारे ८७ हजार गॅरंड परत विकण्याचे योजिले तेव्हा ओबामा प्रशासनाने २००९ मध्ये दिलेली संमती २०१० मध्ये मागे घेतली, व २०१३ मध्ये अशा खाजगी आयातीस सर्वसाधारण बंदी जाहीर केली. याउलट फिलिपिन्स व तुर्कस्तान यांच्याकडून परत आलेल्या काही हजारो गॅरंड २०१८ च्या सुमारास नागरी नेमबाजीस उत्तेजन देणाऱ्या एका अधिकृत संस्थेकडे गेल्या आणि तिने त्या ठरीव दराने वाटल्या. एकाच प्रकारची रायफल. कोरियातील अडली, मनिलातील आली. दोहोंतील फरक लोखंडात नव्हता.

५. किंमत मोजण्याची रीत

जाहिरातीतील आकडे जसेच्या तसे घेऊन तुलना करणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. १९६३ मधील वीस डॉलर २०२३ मधील सुमारे दोनशे डॉलरांच्या बरोबरीचे आहेत. ऑस्वाल्डने घेतलेली रायफल खरोखरीच स्वस्त होती. परंतु ती तत्कालीन खरेदीदारास आज वाटते तितकी नगण्य वाटत नव्हती. उलटपक्षी, २००५ मधील नव्वद डॉलर २०२३ मध्ये सुमारे १४० डॉलर होतात. तेव्हा मोसिन-नागांचा भाव चारशेवर गेला, यातील पन्नास डॉलरांचा हिशेब चलनवाढीकडे जातो आणि उर्वरित अडीचशेहून अधिक डॉलरांची वाढ ही खरी वाढ ठरते. १९६३ व २००५ यांची तुलना केल्यास दुसरी स्वस्ताई पहिलीपेक्षाही अधिक स्वस्त होती, असे दिसते. हा निष्कर्ष कच्च्या आकड्यांवरून निघाला नसता.

दुसरी अडचण प्रतवारीची. बाजारात 'मोसिन-नागां' या एकाच नावाखाली फार भिन्न वस्तू विकल्या जातात. युद्धानंतर सोव्हिएट कारखान्यांत दुरुस्त होऊन नवे क्रमांक मिळालेली रायफल, फिनलंडने हस्तगत करून पुन्हा घडविलेली रायफल, आणि दुरुस्तीस न गेलेली युद्धकालीन रायफल यांच्या भावांत अनेक पटींचा फरक असतो. सर्व भागांवर एकच क्रमांक असल्यास किंमत चढते. आयातदाराने कायद्यानुसार ठोकलेली आयातमुद्रा असल्यास ती उतरते, कारण ती नसलेली रायफल बहुधा एखाद्या सैनिकाने स्वतः मायदेशी आणलेली असते. जपानी अरिसाका रायफलीवरील सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे चिन्ह हे सम्राटाचे चिन्ह. शरणागतीच्या वेळी ते बहुसंख्य रायफलींवरून घासून टाकण्यात आले. ते शाबूत असलेल्या रायफलीस अधिक किंमत येते.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. बाजार केवळ वस्तूला किंमत देत नाही, तो वस्तूच्या चरित्रातील काही प्रसंगांना किंमत देतो आणि काहींना देत नाही. कारखान्यातून निघण्याचा क्षण व रणभूमी या दोहोंस तो मान देतो. नंतरची दुरुस्ती, हस्तांतर, पोलिसांकडील वा दुय्यम सैन्याकडील दीर्घ सेवा यांस तो दोष समजतो. बाजाराची ही निवड म्हणजे एक प्रकारची इतिहासदृष्टीच आहे, आणि ती एकांगी आहे.

६. किंमत आणि पुराव्याचे भवितव्य

वस्तू स्वस्त असते तेव्हा तिच्याविषयी आदर नसतो. १९५० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत व अन्यत्रही लक्षावधी लष्करी रायफली कापून शिकारी रायफली बनविण्यात आल्या. पुढचा लाकडी भाग करवतीने कापावयाचा, नळी आखूड करावयाची, दुर्बीण बसविण्यासाठी वरच्या अंगास भोके पाडावयाची, आणि जुन्या मुद्रा व क्रमांक घासून पृष्ठभागावर नवी झिलई चढवावयाची, हा त्याचा सामान्य क्रम होता. करणाऱ्यांच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पंधरा डॉलरांची रायफल हा कच्चा माल होता, व तिच्यातून शेतकऱ्यास वा कामगारास परवडणारे शिकारीचे साधन मिळत होते. परंतु कारखान्याच्या, तुकडीच्या व तपासनिसाच्या मुद्रा त्याबरोबर कायमच्या गेल्या.

किंमत वाढल्यावर कापणे थांबले, आणि त्या दृष्टीने महागाईने पुराव्याचे रक्षण केले. मात्र तिने दुसरा धोका निर्माण केला. कापलेल्या रायफलींस जुने लाकूड बसवून त्या अखंड म्हणून विकल्या जाऊ लागल्या. सोव्हिएट संघात युद्धानंतर ज्या निशाणबाजी रायफलींच्या दुर्बिणी काढून भोके बुजविली गेली होती, त्यांची भोके उघडून नव्या नकली दुर्बिणी चढविण्यात आल्या. साध्या रायफलींसही नवी भोके पाडून तेच रूप देण्यात आले. जर्मन माउझरवर पूर्वी नसलेल्या मुद्रा उमटू लागल्या. सोव्हिएट संघाने हस्तगत करून दुरुस्त केलेल्या माउझर रायफलींवरील लाखेचा लेप खरवडून, बोल्टवरील नवा क्रमांक पुसून, त्यांस 'मूळ' जर्मन रूप देण्याची प्रथा तर उघडपणे चालते. या शेवटच्या प्रकारात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही, तथापि परिणाम तोच होतो. ती रायफल स्टालिनग्राडनंतर कोठे गेली, कोणी तपासली, कोणत्या हेतूने साठविली, याचा वृत्तान्त पुसला जातो, कारण त्या वृत्तान्तास बाजारात किंमत नसते.

हे अपरिहार्य नाही हे दाखविणारे उदाहरणही उपलब्ध आहे. स्विस के-३१ रायफलीच्या दस्त्याच्या पत्र्याखाली अनेकदा ज्या सैनिकास ती दिली गेली त्याच्या नावाची व तुकडीची चिठ्ठी सापडते. शंभर डॉलरांच्या काळातही अनेक खरेदीदारांनी या चिठ्ठ्या जपल्या. कोणत्या खुणेत इतिहास आहे हे ग्राहकास कळले, तर किंमत कितीही असो, ती खूण टिकण्याची शक्यता वाढते, असे यावरून म्हणता येईल.

७. भारतातील रायफली

बाजाराच्या एकांगी दृष्टीचा सर्वांत मोठा फटका ज्या वर्गास बसला, त्यात भारतातील रायफली येतात. कलकत्त्याजवळील ईशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला. तेथे ली-एन्फील्ड रायफली दोन्ही महायुद्धांत व स्वातंत्र्यानंतरही तयार होत राहिल्या. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर त्याच आराखड्यावर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची नवी रायफल तेथे बनविण्यात आली; कोणत्याही सैन्यासाठी नव्याने निघालेल्या हातबोल्टच्या अखेरच्या रायफलींपैकी ती एक होय. .३०३ काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यातही बनत. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची 'के. एफ.' ही मुद्रा अमेरिकेतील संग्राहकांना परिचित आहे.

दुसऱ्या स्वस्ताईत ईशापूरच्या रायफली अमेरिकेत दोनशे डॉलरांहून कमी दराने विकल्या गेल्या. संग्राहकांच्या दृष्टीने त्या खालच्या पायरीवरील होत्या, कारण त्या वापरलेल्या, पुन:पुन्हा दुरुस्त केलेल्या, लाकडातून आडवा स्क्रू घालून मजबूत केलेल्या व क्वचित तांब्याच्या तारेने बांधलेल्या होत्या. वस्तुतः या प्रत्येक खुणेस अर्थ आहे. आडवा स्क्रू लाकूड फुटू नये म्हणून आहे, आणि तार ही रायफलीवरून हातबाँब फेकताना बसणाऱ्या धक्क्यासाठी आहे.

याहून अर्थपूर्ण उदाहरण .४१० मस्केटचे. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने हिंदी शिपायांस गोऱ्या शिपायांच्या बरोबरीचे शस्त्र न देण्याचे धोरण ठेवले. पिळ्यांच्या नळीऐवजी गुळगुळीत नळीची एन्फील्ड त्यांस देण्यात आली. हे धोरण विसाव्या शतकात पोलीस व पहारेकरी यांच्यापुरते टिकून राहिले. ईशापूर येथे ली-एन्फील्ड रायफलींची नळी गुळगुळीत करून, मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवून, त्या एकेरी .४१० मस्केट बनविण्यात आल्या. बाहेरून पाहणाऱ्यास ती सैन्याची रायफल वाटे. प्रत्यक्षात तिचा पल्ला व वेग दोन्ही खुंटविलेले असत. राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास इतक्या स्पष्टपणे घडविलेली वस्तू विरळा. या मस्केट जेव्हा अमेरिकेत स्वस्तात पोहोचल्या, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांची काडतूस बसण्याची जागा तेथील छऱ्याच्या काडतुसासाठी कोरून वाढविण्यात आली, व ठोकळा फेकून देण्यात आला. ज्या ठोकळ्यात धोरण होते तोच भाग निरुपयोगी समजला गेला.

उपखंडातील दुसरे मोठे स्थलांतर नेपाळमधून झाले. काठमांडू येथील लगन सिलेखान्यात शतकाहून अधिक काळ साठलेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनची पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकत्र विकत घेतली. त्यांपैकी बहुसंख्य १८९८ पूर्वीची असल्यामुळे अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने ती बंदूक या संज्ञेतच येत नव्हती. संग्रह जगाला ज्ञात झाला, ही जमेची बाजू. तो एकत्र राहिला नाही, ही खर्चाची.

खुद्द भारतात मात्र या रायफलींना बाजारच नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने प्रजेच्या हातातील शस्त्रांवर निर्बंध घातले. सैन्याचे काडतूस झाडू शकणारी बंदूक नागरिकास मिळू नये हे धोरण इंग्रजांनी पाळले, आणि १९५९ चा शस्त्रकायदा व त्याखालील नियम यांनी ते चालू ठेवले. म्हणूनच .३०३ हा निषिद्ध मापाचा प्रकार ठरतो, आणि नागरी परवानाधारकासाठी .३१५ ही वेगळी रायफल ईशापूरमध्येच तयार होते. त्यामुळे भारतातील .३०३ रायफल सैन्यातून निघाल्यावर संग्राहकाकडे न जाता पोलिसांकडे गेली, व तेथे ती आणखी अर्धशतक राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांसमोर उभे राहिलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती हीच रायफल होती, व तिच्या अपुरेपणाची देशभर चर्चा झाली. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, शिलकी रायफलींचा भाव हा मागणी-पुरवठ्याच्या सामान्य नियमाने चालत असला, तरी त्या पुरवठ्याच्या चाव्या सतत राज्यांच्या हाती राहिल्या. १९६८, १९८४, १९९४, २०१४ व २०२१ ही वर्षे किमतींच्या इतिहासातील टप्पे आहेत, आणि ती सर्व राजकीय निर्णयांची वर्षे आहेत. स्वस्ताईच्या काळात पुरावा निष्काळजीपणाने नष्ट झाला व महागाईच्या काळात तो हेतुपुरस्सर बदलला गेला. म्हणून खाजगी संग्रहातील रायफल साधन म्हणून वापरताना ती कोणत्या वर्षी व कोणत्या भावाने बाजारात आली, हे आधी तपासणे अभ्यासकास आवश्यक आहे.

भारतातील रायफलींची स्थिती वेगळी आहे. त्या बाजाराबाहेर राहिल्यामुळे त्यांच्यावरील खुणांना कोणी हेतुपुरस्सर हात लावलेला नाही. ईशापूरची मुद्रा, तुकडीचे व पोलीस ठाण्याचे क्रमांक, प्रत्येक दुरुस्तीची तारीख ही एकाच लोखंडावर क्रमाने आढळण्याची शक्यता येथे परदेशातील संग्रहांहून अधिक आहे. परंतु ज्या वस्तूस किंमत नाही तिला वाचविणारा ग्राहकही नाही. सेवेतून निघालेल्या शस्त्राची नोंद कागदावर फक्त संख्येने होते, खुणांनी होत नाही; आणि ते एकदा मोडीत निघाले की त्यावरील अक्षरे परत वाचता येत नाहीत. राज्यांच्या पोलीस शस्त्रागारांतून .३०३ व .४१० रायफली काढून टाकल्या जात असताना प्रत्येक प्रकारच्या काही नमुन्यांची मुद्रांसह छायाचित्रे घेणे, क्रमांकांच्या नोंदवह्यांच्या प्रती अभिलेखागारात ठेवणे आणि मूळ ठोकळ्यासह निदान काही मस्केट संग्रहालयांत जमा करणे, एवढे काम विद्यापीठांचे इतिहासविभाग व पोलीस खाते यांनी मिळून केल्यास ते अल्प खर्चात साधण्यासारखे आहे. वसाहतकालीन व स्वातंत्र्योत्तर पोलीसव्यवस्थेवर संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अद्याप न वाचलेले साधन उपलब्ध आहे. ते फार काळ उपलब्ध राहील असे मानण्यास आधार नाही.